तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्लॅन का पाठवत नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, उद्यमनगरात मशीन चालू असताना आवाज चढवूनही विचारतात: "अमेरिकेतल्या त्या वाळवंटात एकटेच गाडी घेऊन फिरून आलासा न्हवं, तो प्लॅन पाठवा की! एवढं काय असतंय त्यात?" मी "बघतो" म्हणतो आणि पाठवत नाही. काहींना वाटतं मला शिष्टपणा आलाय. एका जवळच्या माणसानं तोंडावर सांगितलं, ज्ञान दिल्यानं वाढतं. खरं आहे. मीही हेच म्हणत होतो, म्हणून तर एकदा पाठवला होता.

आधी हे सांगतो, की प्लॅन म्हणजे जागांची यादी नव्हे. लास वेगासला उतरायचं, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅन्यन करून परत वेगास. ही यादी कुणाच्याही मोबाइलवर मिळते, त्यासाठी माझी गरज नाही. माझी शीट तेरा ओळींची आहे आणि तिच्यात जागांपेक्षा जागांच्या मधलं जास्त आहे.

उदाहरणार्थ पेट्रोल. आय-७० या हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलायना या दोन गावांमध्ये जवळपास १७० किलोमीटर काहीही नाही. कोल्हापुरातून निघून खंबाटकी घाटापर्यंत एकही पंप नाही, एकही टपरी नाही, असं धरून चाला. म्हणून नियम एकच: काटा निम्म्यावर आला की पहिला दिसेल तो पंप. पंपावर आपलं कार्ड बऱ्याचदा चालत नाही, कारण मशीन तिथला पिनकोड मागतं. मग आत काउंटरवर जाऊन आधी पैसे द्यायचे, पंपाचा नंबर सांगायचा, उरलेले पैसे परत मिळतात. हिरव्या हँडलची नळी बहुतेक ठिकाणी डिझेलची असते, ती उचलायची नाही. युटा राज्याच्या उंच भागात ८५ ऑक्टेनचं स्वस्त पेट्रोल मिळतं, पण गाडीच्या झाकणावर ८७ लिहिलं असेल तर ८७च घालायचं.

दुसरी गोष्ट घड्याळ. उन्हाळ्यात युटा तासभर पुढं जातं, शेजारचं ॲरिझोना राज्य जात नाही, आणि ॲरिझोनातच असलेला नॅव्हाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश मात्र पुढं जातो. पेज हे गाव ॲरिझोनाच्या वेळेनं चालतं, पण तिथला मोबाइल कधी कुठला टॉवर पकडेल सांगता येत नाही. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत नॅव्हाहो गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि बुकिंग ठरलेल्या वेळेचं असतं. त्या दोन दिवसांत मनगटावर साधं घड्याळ बांधायचं आणि ते पेजच्या वेळेवर लावायचं.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे नॅशनल पार्कवाल्यांचंच सांगणं आहे. मी चार धरतो, आणि गाडीत वेगळे आठ. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, चक्कर येते, माणूस बरळायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. म्हणून ओआरएसची पाकिटं इथूनच न्यायची, एक पाकीट एका लिटरला. सोबत खारे शेंगदाणे, ते तिथंही मिळतात.

परमिट आणि पासचं पटकन सांगतो. गाडी भाड्यानं घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढा, ते एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स सोबत ठेवायचंच. झायनमधल्या अँजल्स लँडिंगच्या चढाला १ एप्रिल २०२२ पासून सोडतीनं परमिट मिळतं. परदेशी माणसाला पार्कांचा वार्षिक पास १ जानेवारी २०२६ पासून २५० डॉलर झालाय. तो नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ पार्कांत नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा. तीन पार्क करणार असाल तर हिशेब करत बसू नका, पास घ्या.

आणि एकटं जाण्याचं. भीती वाटते का, हे सगळे विचारतात. घरी काय ठेवून जाता, हे कुणी विचारत नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲरन राल्स्टन नावाचा तरुण युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा उतरला. दगड सरकून हात अडकला, पाच दिवसांहून जास्त तसाच राहिला आणि शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर आला. तो कुठं गेलाय हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. माझ्या घरी फ्रिजवर कागद असतो: आज कुठं, किती वाजता परत, आणि त्या भागातल्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीचा पूर्ण नंबर. ९११ हा तिथला मदतीचा नंबर इथून लागत नाही, म्हणून पूर्ण नंबरच हवा. युटात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. चहाच्या वेळेला मेसेज आलाच पाहिजे. साडेनऊपर्यंत नाही आला तर फोन करायचा, वाट बघायची नाही, मला संकोच वाटेल का याचा विचार करायचा नाही.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

शीटमध्ये शेवटी एक रकाना होता: शेरा. एकटा माणूस जातो तेव्हा शेजारी "अहो, नको, परत फिरा" म्हणणारं कुणी नसतं. ते काम हा रकाना करत होता. प्रत्येक दिवसाच्या पुढं, काय झालं तर हा दिवस रद्द, हे मी घरी शांत डोक्यानं लिहून ठेवायचो, म्हणजे तिथं गेल्यावर मोह झाला तरी कागद आडवा येईल.

ओळखीतल्या एका जोडप्यानं शीट मागितली. दोघं साठीच्या आसपासचे, रोज चार किलोमीटर चालणारे. पाठवायच्या आधी मी शीट साफसूफ केली. रंग भरले, अंतरं किलोमीटरमध्ये केली, आणि शेरा रकाना पुसला. तेव्हा स्वतःला सांगितलं, की हे माझं खासगी आहे, त्यांना कशाला गोंधळात टाकायचं.

पाचव्या दिवसाची ओळ अशी उरली: "वायर पास, अरुंद घळ, सकाळी ८ ते १२, तिकीट माणशी ६ डॉलर, हायवे ८९ पासून साडेतेरा किमी कच्चा रस्ता." माझी शीट ऑक्टोबरची होती. ते जुलैच्या शेवटी गेले.

घळीतून ते साडेबाराला सुखरूप वर आले. वर निळं आभाळ, लांब पठारावर एक काळा ढग. गाडीपर्यंत पोचेतो पाऊस आला, वीस मिनिटं, आणि थांबला. आपल्या मानानं तो पाऊसच नव्हे. पण त्या भागातल्या मातीत बेंटोनाइटच्या जातीची चिकणमाती असते. फाउंड्रीत काम केलेल्याला जास्त सांगायला नको: साच्याच्या वाळूत आपण तेच बाइंडर म्हणून, वाळू धरून राहावी म्हणून घालतो. पाणी बेतानं घातलं की वाळू मुठीत वळते, बोटांचे ठसे उठतात. पाणी जास्त झालं की हातातून साबणासारखी निसटते. शिरोळच्या काळ्या रानाची फुगणारी मातीही मुळात त्याच कुळातली. अशा रस्त्यावर टायरच्या खाचा पन्नास फुटांत भरून जातात, टायर गुळगुळीत होतो, आणि मग ब्रेक दाबला तरी गाडी उताराला जाते तिकडंच जाते. त्यांची गाडी हायवे पाच किलोमीटर राहिला असताना चरात उतरली.

मोबाइलला रेंज नाही. "सकाळचंच तर आहे" म्हणून पाणी माणशी दोन लिटर घेतलेलं, ते घळीतच संपलेलं. रात्र गाडीत काढली. सकाळी यजमान चालत निघाले, बाई गाडीत एकट्या थांबल्या. हे व्हायला नको होतं, दोघांनीही गाडीपाशीच थांबायला हवं होतं: गाडी वरून दिसते, सावली देते, आणि तो रस्ता कडक उन्हात बऱ्याचदा दिवसभरात वाळतो. यजमानांना बीपीची गोळी चालू होती, शरीरातलं पाणी काढणारी. ती त्यांनी सकाळी नेमानं घेतली. हायवे दिसायच्या आधी ते बसले ते उठले नाहीत. एका पिकअपवाल्याला दिसले. चार दिवस हॉस्पिटल, मूत्रपिंडाला मार. गाडीच्या विम्यानं हात वर केले, कारण करारात कच्चा रस्ता चालणार नाही असं छापलेलं होतं. ओढून काढायचा खर्च वेगळा.

ते वाचले. परत आल्यावर रंकाळ्यावर भेटले. मला कुणी बोललं नाही. बाई फक्त म्हणाल्या, "तुमच्या शीटमध्ये लिहिलं नव्हतं हो."

लिहिलेलं होतं. पुसलेल्या रकान्यात, त्याच ओळीत: सप्टेंबर संपल्याशिवाय नाही. आदल्या दिवशी केनॅब या गावातल्या सरकारी कचेरीत रस्त्याची चौकशी. कुठल्याही दिशेला ढग असेल तर नाही. भाड्याची गाडी इथं घालायची नाही, केनॅबमधून ड्रायव्हरसकट जीप केली.

हे शेवटचं वाक्य मी का पुसलं, ते आज लिहितो. मी एकट्यानं सगळं केलं असं गावभर झालं होतं, आणि त्या दिवशी माझ्यासोबत ड्रायव्हर होता. ते कागदावर जाऊ नये असं मला वाटलं. गोंधळ वगैरे काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मोठी माणसं आहेत, महिना बदलला तर विचारायला नको होतं का? मीही हे स्वतःला शंभरदा म्हटलंय. करार त्यांनी वाचायचा, हवामान त्यांनी बघायचं. झायनच्या बाजूला घळींसाठी रोज पुराचा अंदाज चार शब्दांत जाहीर होतो: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. बघायला एक मिनिट लागतं. पण ते बघायचं असतं हे कोल्हापूरच्या माणसाला कुठून सुचणार? आपण पूर बघितलेली माणसं, आणि तिथंच फसतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर इशारा देते, ४३ फुटांवर धोका, आणि मधे माणसं गुरं हलवतात, सामान माळ्यावर टाकतात. आपला पूर आपल्याला वेळ देतो. त्या घळीत भिंती दोन्ही हातांना लागतात, खडकात पाणी मुरत नाही, आणि पाऊस कुठं पडला याला महत्त्वच नसतं. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक मेले. पाऊस पडला होता वरच्या अंगाला कित्येक मैल लांब. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. वायर पासमध्ये डोक्याच्या कितीतरी वर ओंडके अडकलेले दिसतात. त्यांचे फोटो त्या दोघांनीही काढून आणलेत. ते तिथं कसे पोचले, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून मी पाठवणं बंद केलं. तेही बरोबर आहे का, सांगता येत नाही. मी नाही दिली तर लोक जायचे थांबत नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी शीट घेऊन जातात, आणि तिच्यात शेरा कधी नव्हताच. शेऱ्यासकट पाठवावी म्हणावं, तर तोही माझ्या वयाचा, माझ्या महिन्याचा. मला बीपी नाही, त्यामुळं गोळीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पुसलं नसतं तरी ते सुटलंच असतं. हा विचार मनात आला की थोडं हलकं वाटतं, आणि मग तसं वाटल्याचा राग येतो.

परवा एकानं निरोप टाकला: १९ जुलैची तिकिटं काढली आहेत, दोघंच आहोत, शीट पाठवा. मी शीट उघडून बसलो. शेरा रकाना आठवून आठवून परत लिहिलाय, पाचव्या दिवसापुढं तर पानभर झालाय. पाठवलेली नाही. त्यांना उलट दोन गोष्टी विचारल्या: गाडीच्या करारात कच्चा रस्ता चालतो का, आणि सकाळी कुठल्या गोळ्या घेता. उत्तर अजून आलेलं नाही.