प्रॉक्सीवर जुळलं, रेंडरमध्ये सुटलं

मागच्या नोंदीत ओठांशी आवाज जुळवून ‘बसलं एकदाचं’ म्हणून सांगितलेली मुलाखतीची क्लिप पुन्हा उघडावी लागली. प्रॉक्सीवर (संपादनापुरती केलेली हलकी, कमी दर्जाची कॉपी) ओठ-आवाज चपखल होते. 50 पी, म्हणजे सेकंदाला 50 फ्रेमचा, अंतिम रेंडर लावला, तर पहिल्याच ‘मामा’ला ओठ उघडले तरी आवाजाचा पत्ता नाही.

आठवडाभर रेंडरवर संशय घेतला. शेवटी सुरुवातीला खूण म्हणून वाजवलेली टाळी दोन्ही फाइलींत वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) झूम करून तपासली. आवाज दोन्हीकडे त्याच जागी. फाइल निर्दोष होती, फसला होता माझा डोळा.

50 पी ला एक फ्रेम 20 मिलिसेकंद टिकते. माझी प्रॉक्सी सेकंदाला 12.5 फ्रेमची, म्हणजे एक फ्रेम 80. प, ब, म साठी ओठ मिटतात ते साधारण तेवढाच वेळ. मिटलेले ओठ कधी एका फ्रेमला सापडतात, कधी अर्धवटच. वर प्रत्येक फ्रेम जास्त वेळ धरल्यानं चित्र सरासरी 30 मिलिसेकंदांनी मागे पडतं आणि मी त्याला आवाज जुळवत बसलो.

पण 30 नं भागेना, आवाज तर मी 80 नं जास्त ढकलला होता. मग फ्रेमरेट 50 च ठेवून चित्र नुसतं ब्लर केलं, कोणती कुठली ते मला कळू नये म्हणून फाइलींची नावं अदलाबदल केली आणि 20-20 नं आवाज सरकवत पाहिलं. स्वच्छ चित्रात 60 चा उशीर लगेच खटकायचा. ब्लरमध्ये 100 लाही छातीठोक सांगता येईना. ओठांची कड विरघळली की नजर जबड्यावर जाते, आणि जबड्यावरून नेमका क्षण पकडता येत नाही, असं मला वाटतं. क-ग ची वाक्यं तर यासाठी घेऊच नका, ते आत पडजिभेच्या बाजूला होतात.

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) बीटी.1359 शिफारशीत आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर कळतो, उशीर मात्र सुमारे 125 झाल्यावरच कळतो. माझी चूक नेमकी त्याच बाजूला लपली.

(ऐकताना वायरचाच हेडफोन. ब्लूटूथ स्वतःचा उशीर घालतं.)

प्रॉक्सी 25 ची करायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता सुचलं: जुळवताना अख्खं चित्र हवंय कशाला? तोंडापुरता चौकोन कापायचा, 50 पी, कॉम्प्रेशन अगदी कमी. फाइल हलकी, ओठांची कड शाबूत.

आत्ताच 320 बाय 240 चा तुकडा काढला. ‘मामा’तला दुसरा म: चार फ्रेम ओठ मिटलेले, पाचवीला बारीक फट. आवाज 80 नं अलीकडे ओढला, तर वेव्हफॉर्म बरोबर त्या फटीवर उसळतोय! उरलेल्या अकरा क्लिपा आता याच चौकोनावर.