अंगठा आणि पडदा यांच्यामधला वेळ

टीव्ही, मोबाइल किंवा गेमिंग कन्सोल यांच्या खोक्यावर जे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, ते जवळजवळ सगळे डोळ्यांसाठीचे असतात. फोर-के, एचडीआर, अमुक कोटी रंग, तमुक इंची पडदा. व्हिडिओ गेम मात्र केवळ पाहायचा नसतो, तो हातांनी चालवायचा असतो, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर त्याचा परिणाम दिसेपर्यंत किती वेळ जातो हे खोक्यावर सहसा कोणी छापत नाही. गेली काही वर्षे मी कोणतेही नवे उपकरण हातात आल्यावर पहिल्यांदा हाच वेळ अजमावतो, ज्याला खेळणारे लोक इनपुट लॅग म्हणतात. चित्र किती देखणे आहे, हा विचार त्यानंतर.

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी तक्रार केली, की नव्या मोठ्या टीव्हीवर त्याचा फुटबॉलचा गेम जड झाला आहे. पास देण्याचे बटण दाबले तरी खेळाडू क्षणभर विचार करत बसतो. कन्सोल जुनाच होता आणि कंट्रोलरही तोच होता. मी टीव्हीवर संशय घेतल्यावर तो म्हणाला, "मामा, टीव्ही तर नवा आहे की, त्याला काय होणार?" टीव्हीला खरोखरच काही झालेले नव्हते. तो फक्त सिनेमा दाखवण्याच्या तयारीत बसला होता आणि त्याला आपण खेळत आहोत याची कल्पना नव्हती.

आजचा टीव्ही आलेले चित्र तसेच्या तसे पडद्यावर टाकत नाही. तो त्यातला खरखरीतपणा काढतो, कडा धारदार करतो, रंग भडक करतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधले एक चित्र स्वतः तयार करून मध्ये घालतो. हे शेवटचे काम आपल्या दृष्टीने सर्वांत महागात पडते, कारण मधले चित्र तयार करायचे तर पुढचे चित्र हाती येईपर्यंत टीव्हीला थांबावेच लागते. सिनेमा पाहताना सगळेच चित्र एक दशांश सेकंद उशिरा आले तरी कोणाचे काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. गेममध्ये मात्र सेकंदाला ६० चित्रे असतील, तर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असते, आणि शंभर मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तुम्ही सहा चित्रे जुन्या जगात खेळत असता. सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घेण्याची सवय असल्यामुळे मी भाच्याला तसेच उदाहरण दिले: समोरच्या नटाने प्रत्येक वाक्य थोडे थांबून उचलले, तर पाठांतर चोख असूनही प्रवेश पडतो.

उपाय रिमोटवरच होता. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' निवडला, की टीव्ही ही सारी मधली कारागिरी सोडून देतो आणि उशीर बहुधा दहा-वीस मिलिसेकंदांच्या घरात येतो. कन्सोल टीव्हीला ज्या तारेने जोडतात तिच्या २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ या मानकामध्ये कन्सोलने टीव्हीला आपण होऊन गेम मोडमध्ये जायला सांगण्याची सोय आहे, पण दोन्ही उपकरणे ती पाळणारी असावी लागतात आणि कित्येक घरांत तसे नसते. भाचा खूश झाला. ताईंचे मत वेगळे पडले. "रंग उडाल्यासारखा दिसतोय रे," असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेही होते, कारण गेम मोडमध्ये भडकपणा थोडा कमी होतो. शेवटी मालिकांसाठी एक आणि कन्सोलसाठी एक, अशा दोन एचडीएमआय जोडण्यांना दोन वेगळे मोड लावून त्या घरात तह झाला.

ज्यांनी नव्वदच्या दशकात काडतूसवाल्या, म्हणजे गेमची कॅसेट खोचायच्या कन्सोलवर खेळून हात तयार केले, त्यांना हा उशीर लगेच बोचतो, कारण त्या साध्या यंत्रांत तो जवळपास नव्हताच. आपल्या बाजारात तेव्हा आलेली बहुतेक यंत्रे निन्टेंडोच्या १९८३ मधील फॅमिकॉम या जपानी कन्सोलच्या नकला होत्या. मूळ यंत्रात कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती आणि प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्‌झचा होता. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, ब्लूटूथ नव्हते, चित्र साठवून ठेवायला जागाही नव्हती. गेम दर चित्रामागे बटणांची स्थिती वायरवरून वाचत असे आणि बहुतेक वेळा पुढच्याच चित्रात त्याचे फळ दिसत असे. डबा टीव्हीतला इलेक्ट्रॉनचा झोत ते चित्र येईल तसे ओळीओळीने काचेवर काढत जाई.

त्या यंत्राबरोबर येणारी प्लास्टिकची बंदूक हा तर या बिनउशिराच्या व्यवस्थेवरच उभा असलेला प्रकार होता. बदकांच्या शिकारीचा खेळ खेळताना बंदुकीतून काहीतरी किरण निघून टीव्हीवर आदळतो, अशी आम्हा मुलांची समजूत होती. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच निघत नाही; तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक लहानसा घटक असतो आणि तो टीव्हीकडे पाहत असतो. चाप ओढताच गेम एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. आधी अंधार आणि मग उजेड अशा क्रमाने बंदुकीला दिसले, तर नेम बरोबर. पडद्यावर दोन बदके असतील, तर त्यांचे चौकोन एकापाठोपाठच्या चित्रांत दाखवले जातात आणि उजेड कोणत्या चित्रात दिसला यावरून कोणते बदक पडले हे ठरते. आधीच्या काळ्या चित्राची अट चलाखांसाठी आहे, नाहीतर घरातल्या दिव्याकडे नळी धरून कोणीही सगळी बदके पाडली असती. ही सारी युक्ती एका चित्राच्या आत चित्र काचेवर उमटण्यावर अवलंबून असल्यामुळे तीच बंदूक आजच्या एलसीडी टीव्हीवर निरुपयोगी ठरते. पांढरा चौकोन पडद्यावर पोहोचेपर्यंत गेमने 'नेम चुकला' असा निकाल देऊन टाकलेला असतो. माळ्यावरची बंदूक काढून नव्या टीव्हीवर चालवून पाहणाऱ्या मित्रांना ती बिघडली आहे असे वाटते. बंदूक बहुधा ठीकच असते.

उशिराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे अंगठ्याखालची ॲनालॉग स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची हव्या त्या दिशेला कलवायची छोटी दांडी. एका नामांकित कंपनीचा माझा कंट्रोलर हमीची मुदत संपल्यावर थोड्याच काळात आपल्या मनाने डावीकडे सरकू लागला. गेममधला माणूस उभा राहण्याऐवजी भिंतीला खांदा घासत चालत राहायचा. याला स्टिक ड्रिफ्ट म्हणतात आणि त्याचे कारण साधे आहे. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकच्या बुडाशी दोन पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे पंख्याच्या जुन्या गोल रेग्युलेटरच्या किंवा रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचे त्या घराण्यातला भाग. कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक जीभ घासत जाते आणि ती कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलते. हजारो वेळा घासल्यावर पट्टी झिजते, तिची पूड आत पडते, वर बाहेरची धूळ असतेच, आणि मग मध्यावर उभी असलेली स्टिकही आपण कलल्याचे सांगू लागते. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने जुना भाग काढून नवा बसवून दिला. चौदा टाके डिसोल्डर करायचे असल्यामुळे हे काम घरी करून पाहण्याजोगे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या भागात त्याने हॉल इफेक्टची स्टिक घातली. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर ती चालते: स्टिकला लहान चुंबक असतो आणि त्याचे क्षेत्र किती बदलले हे समोरचा सेन्सर मोजतो. दोन भागांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यामुळे झिजायला पट्टी उरत नाही. हे तंत्र नवे आहे असेही नाही. सेगाच्या १९९८ मधील ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ते होते, आणि तरीही पुढची अनेक वर्षे मोठ्या कंपन्यांनी झिजणारा भाग वापरणे पसंत केले, याचे कारण वाचकांनीच ताडावे. गंमत अशी, की हॉल स्टिक बसवल्यावर गेममधला 'डेड झोन', म्हणजे मध्याभोवतीचा दुर्लक्षिला जाणारा भाग, मला बराच कमी करता आला, आणि कंट्रोलर अधिक चपळ झाल्यासारखा वाटू लागला.

अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या एका मित्राचा स्टीम डेक काही दिवस माझ्याकडे होता. व्हॉल्व्ह कंपनीचे हे हातात धरायचे संगणकवजा यंत्र २०२२ मध्ये बाजारात आले, पण भारतात ते कंपनीकडून विकले जात नाही. पहिल्या आवृत्तीचे वजन ६६९ ग्रॅम आहे, आणि सांगलीहून कोयना एक्स्प्रेसने पुण्याला जाताना ते हातात धरून बसल्यावर कऱ्हाड येईपर्यंत मनगटांना त्याची जाणीव होते. त्यावर विंडोज नसून लिनक्स आहे. विंडोजसाठी लिहिलेले गेम 'प्रोटॉन' नावाच्या थराच्या मदतीने चालतात आणि बहुतेक वेळा ते कळतही नाही, हे अभियांत्रिकीचे मोठेच यश आहे.

मला मात्र सर्वाधिक आवडली ती त्यातली ४० हर्ट्‌झची सोय. हर्ट्‌झ म्हणजे इथे पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो ती संख्या. सेकंदाला ३० चित्रे म्हणजे एका चित्राला ३३.३ मिलिसेकंद आणि ६० चित्रे म्हणजे १६.७. या दोहोंचा बरोबर मध्य २५ मिलिसेकंद, म्हणजेच सेकंदाला ४० चित्रे. आकड्यांकडे पाहून ४५ हा मध्य वाटतो, पण हाताला वेळ जाणवतो, संख्या नव्हे. जड गेम ४० वर बांधून ठेवला आणि पडदाही ४० हर्ट्‌झवर नेला, की खेळ ६०च्या बराच जवळचा वाटतो आणि ४० वॉट-तासांची बॅटरी तग धरते.

त्याच यंत्रावर मी 'राजी: ॲन एन्शंट एपिक' पुन्हा खेळलो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला हा गेम २०२० मध्ये आला. त्यातले किल्ले, जलमंदिरे आणि भिंतींवरची चित्रकथा पाहून ऊर भरून येतो. तरीही माझी फूटपट्टी मी आपल्या माणसांसाठी बदलणार नाही: त्रिशूळ चालवताना एकदा सुरू झालेला वार अर्ध्यावर सोडून बाजूला होणे मला सहज जमत नाही, आणि त्यामुळे मारामारी दिसते तितकी हलकी वाटत नाही. हा उशीर टीव्हीचा किंवा तारेचा नसून हालचालींच्या रचनेतला आहे, आणि तो कोणत्याही गेम मोडने जात नाही.

उलट महागड्या माउसवर पैसे घालणाऱ्यांचे मला नवल वाटते. साध्या माउसला संगणक सेकंदाला १२५ वेळा विचारणा करतो आणि गेमिंग माउसला १००० वेळा, म्हणजे फायदा फार तर सात मिलिसेकंदांचा. हौस म्हणून घ्यावा.

राहता राहिला इंटरनेटचा उशीर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगली ते मुंबई केबलचे अंतर ४०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन चार मिलिसेकंद पुरेसे आहेत. प्रत्यक्षात ऑनलाइन खेळताना पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, त्याच्या कितीतरी पट दिसतो, कारण वाटेतल्या यंत्रांचे थांबे, केबलचे वळसे आणि कधीकधी सर्व्हरच सिंगापूरला असणे. यातले आपल्या हाती काहीच नाही. आपल्या हाती असतो तो राउटरपासून कन्सोलपर्यंतचा टप्पा, आणि आमच्या गावभागातल्या जुन्या घराच्या हातभर जाड भिंतींतून जाताना वायफायचा जीव अर्धा होतो. सरासरी पिंग वाईट नसे, पण तो मधूनच उसळत असे, आणि स्थिर उशिराची हाताला सवय होते तशी उसळणाऱ्या उशिराची होत नाही. नवा राउटर घेण्याऐवजी मी काही शे रुपयांची लॅनची केबल पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेली, आणि उसळी थांबली. केबल आधी उंबऱ्यावरून जात होती. पायात येते म्हणून आईने आक्षेप घेतल्यावर ती आता चौकटीच्या वरून खिळे मारून नेली आहे.