पानाशेजारी माणूस का नसतो?

"बाजूला कुणाला तरी उभं करायचं ना, पान केवढं आहे ते तरी कळलं असतं." लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानातल्या व्हिक्टोरिया लिलीच्या, म्हणजे अजस्र पानांच्या कमळाच्या, पानांचे मी काढलेले फोटो बघून हे सगळेच म्हणतात. उन्हाळ्यात मुलांना घेऊन येणारे नातेवाईक तर थेट विचारतात, बाळाला पानावर बसवू देतात का? तुम्हीही तेच विचारलंत, की शेजारी माणूस नसेल तर पानाचा मोठेपणा कळणार कसा, म्हणून एकदाचं नीट सांगते.

माणूस चौकटीत आला की नजर आधी त्याच्या चेहऱ्यावर जाते. मग त्याचे कपडे, त्याचं हसू. पान त्याचं आसन होऊन बसतं. मला आसनाचा फोटो काढायचा नाहीये.

वॉटरलिली हाउस 1852 मध्ये खास या वनस्पतीसाठी बांधलं. आत दमट, उकाड्याची हवा. बाहेर गारठा असेल तर भिंग लगेच धुरकटतं, कॅमेरा बराच वेळ पिशवीतच ठेवावा लागतो. तेवढ्यात मी तळ्याभोवती फिरून पानं बघून घेते. नवं पान काटेरी मुठीसारखं वर येतं आणि उलगडत जातं. पूर्ण उघडलं की काठ परातीसारखे उभे राहतात आणि त्या काठाला खाच असते, वर साचलेलं पाणी निघून जायला. एकदा माळीकाकांनी एक जुनं पान उलटं करून ठेवलं होतं. खालून गडद तांबूस, मधोमधून निघालेल्या जाड शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि सगळीकडे काटे. जोसेफ पॅक्स्टन या इंग्रज उद्यानतज्ज्ञाला 1851 च्या क्रिस्टल पॅलेसचं, म्हणजे लंडनमधल्या प्रदर्शनाच्या काचेच्या इमारतीचं, छत याच शिरांवरून सुचलं, असं त्याने स्वतः सांगितलं होतं.

पण याच पॅक्स्टनने 1849 मध्ये आपल्या लहान मुलीला पानावर उभं केलं आणि ते चित्र वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हापासून जगभरच्या बागांमध्ये मुलं पानावर बसवली जातात, बहुतेकदा भार पसरायला खाली फळी ठेवून. पुष्कळ फोटोंत ती फळी दिसत नाही.

आता ती गोष्ट, जी मी आजवर टाळत आले.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी माझा एक फोटो मागितला. मी माझा सगळ्यात आवडता दिला. पानावर पाणी साचलेलं, आणि त्या खाचेतून त्याची बारीक धार नुकतीच सुटलेली. ती धार मिळावी म्हणून मी कठड्याला टेकून किती वेळ उभी होते ते माझ्या कंबरेला विचारा. अंक आला. मुखपृष्ठावर माझंच पान, आणि त्यावर लाल झबल्यातलं एक गुबगुबीत बाळ, कुठल्या तरी दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवलेलं. काचेच्या छतातून माझ्या पानावर उजेड सरळ वरून येत होता, बाळावर मात्र डावीकडून. त्याची मांडी बरोबर खाचेवर आली होती. धार गेली. खाली माझं नाव होतं. फोन केला तर म्हणाले, "ताई, त्याशिवाय वाचकाला भव्यता कळत नाही हो." मी रडले. रागाने रडले, पण रडलेच.

त्याहून लागलं ते नंतरचं. साताऱ्याला आईने तो अंक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. फोनवर म्हणाली, "आत्ता कळलं बघ मला, तू एवढी काय वेडी झालीस त्या पानापायी." माझे इतके फोटो तिने पाहिले होते, आणि तिला कळलं ते त्या चिकटवलेल्या बाळामुळे. मी तिला काही बोलले नाही. आजही तो अंक तिच्या टीव्हीशेजारी आहे.

पूर्वी मी ठासून सांगायचे, आकार ही बघण्यातली सगळ्यात वरवरची गोष्ट आहे. पुरावाही होता. 2022 मध्ये व्हिक्टोरिया बोलिव्हियाना ही तिसरी जात जाहीर झाली. तिचा वाळवलेला नमुना क्यूच्याच संग्रहात 177 वर्षं होता आणि सगळे तिला दुसरीच जात समजत होते. एवढं मोठं पान डोळ्यांसमोर असून ओळखलं गेलं नाही! हे मी वादात हमखास वापरायचे. पण ती बातमी वाचून मी स्वतः आधी काय शोधलं? पान केवढं आहे ते. बोलिव्हियातल्या एका बागेत 3.2 मीटर. तो आकडा वाचून माझ्याही तोंडून "अगं बाई" निघालं.

म्हणजे आई चुकली नव्हती. तरीही मी बाळ बसवणार नाही. फोटो देताना आता लिहून देते: काही जोडायचं नाही, काही कापायचं नाही. यावरून दोन अंकांनी नकार दिला, देऊ देत.

मग मोठेपणा कळणार कसा, हा तुमचा प्रश्न राहतोच. सध्या तळ्याच्या कडेची साधी कमळं, आपल्याकडे डबक्यात असतात तेवढ्याच आकाराच्या पानांची, त्याच चौकटीत घेऊन बघतेय. अडचण अशी की त्यांची फुलं रंगीत आहेत, आणि नजर पुन्हा तिकडेच जाते.