शेपटीचं टोक

आज सकाळी समीर उठला, चष्मासुद्धा न लावता हॉलमध्ये गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, बबड्याच्या शेपटीचं टोक वळलंय!"

वळलं होतं खरं. अगदी जरासं, हुकासारखं. बबड्या म्हणजे आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीतला अ‍ॅक्सोलोटल, डोक्यामागे झुपकेदार कल्ले असलेला, सॅलमँडरच्या कुळातला पाण्यातला प्राणी.

टोक वळणं ही ताणाची खूण, त्यामुळे पुढचं सगळं ठरलेलं. थर्मामीटर २३ अंश दाखवत होता. रात्री लाईट गेली तेव्हा टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला, तो परत सुरूच झाला नाही. एप्रिल महिना, कोथरूड, वरचा मजला. अ‍ॅक्सोलोटलला १६ ते १८ अंश मानवतात, २४च्या वर गेलं की खेळ अवघड. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ह्याची गरज नेमकी तेव्हाच वाढते. मग माझा पन्ह्याचा गर मागे ढकलून फ्रीझरमधून बर्फाची बाटली निघाली. एकच, कारण पाणी एकदम गार केलं तर त्याचाही ताण येतो. मग टेस्ट ट्यूबमध्ये थेंब टाकून पाण्यातल्या अमोनियाची, म्हणजे घाणीतून साठणाऱ्या विषाची, तपासणी. समीर ती नळी पांढऱ्या कागदासमोर धरून बसला, पिवळी म्हणजे शून्य, हिरवट झाक आली की पळापळ. पिवळीच राहिली. कल्ले पुढे झुकलेले होते म्हणून फिल्टरची धार काचेकडे वळवली. प्रवाह जोराचा असला तरी ते झुकतात आणि जीव कासावीस असला तरी झुकतात, त्यामुळे आधी प्रवाह कमी करून बघायचं. गांडूळ नाकासमोर हलवलं, त्याने तोंड फिरवलं.

हे सगळं होईपर्यंत माझा चहा गार झाला. तो कुणाला दिसला नाही.

मला राग आला म्हणावं तर राग नव्हे. पण दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. शेपटीचं एवढंसं टोक दिसतं ह्याला. बिनचष्म्याचं.

बबड्या घरी आला तेव्हा समीरने मला बजावलं होतं, "ह्याच्या तोंडावर जायचं नाही." तोंडाची ठेवणच अशी की बारा महिने हसरं. पापण्या नाहीत, त्यामुळे डोळे मिटणं नाही. मरणपंथाला लागला तरी हसतच दिसेल. म्हणून कल्ले बघायचे, शेपूट बघायची, उगाच वर येऊन हवा गिळतोय का बघायचं, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरलीय का बघायचं. एवढं सगळं समीरला पाठ आहे.

रविवारी सासूबाईंकडे मी दुपारभर हसत होते. श्रीखंड वाढलं, बटाट्याची भाजी वाढली, "ऑफिस काय म्हणतंय?" ला "मजेत" म्हटलं. माझ्या तोंडावर सगळे बिनधास्त गेले. गुरुवारच्या मीटिंगचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आई फोनवर "आवाज बसलाय का गं?" म्हणाली तेवढीच. जाऊ दे ते.

मला कल्ले असते तर एव्हाना कानांपुढे आले असते.

हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. पाण्यातल्या प्राण्याचा मत्सर! तोही कुणाचा, तर मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत ज्याचे भाऊबंद हाताच्या बोटांवर मोजायची वेळ आली त्याचा. १९९८ च्या पाहणीत तिथे चौरस किलोमीटरला सुमारे ६००० होते, २०१४ ला चाळीसही नाहीत. काचेच्या टाक्यांमधून मात्र जगभर पसरलेत. बरं, ह्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी आहे. २०२२ ला वन्यजीव कायदा बदलला, त्यामुळे आता ती करावीच लागते. आमचं भाडेकरारपत्र अजून घरमालकाच्या सहीसाठी अडलंय. शिवाय हा जन्मभर पोरच राहतो. कल्ले गळत नाहीत, पाण्याबाहेर येत नाही, आणि मोठं न होताच त्याला पोरं होतात. विज्ञानाला ह्याचं मोठं अप्रूप आहे. आमच्या ऑफिसात असे दोघे-तिघे बसतात, त्यांचं कुणाला काही नाही.

संध्याकाळी पाणी १९ वर आलं. मी कांदा चिरत होते. समीर हॉलमधून म्हणाला, "काही खाल्लंस का?"

"सकाळपासून काहीच नाही रे," मी म्हटलं.

तो टाकीवर वाकलेला होता. आधी मला बघून दचकला, मग ओशाळला. मला हसू आवरेना. दोघं उभ्या-उभ्या पोहे खाल्ले. तेवढ्यात बबड्याने चिमट्यातलं गांडूळ फस्सकन ओढलं, अर्धं तोंडाबाहेर लोंबत ठेवून तसाच बसला, आणि समीर पोह्याची बशी माझ्या हातात देऊन पुन्हा तिकडे.

शेपूट अजून पूर्ण सरळ नाही. मी बघितली.

गुरुवारचं मात्र मीच त्याला सांगणार आहे, सरळ शब्दांत, कारण माझं वळलेलं टोक शोधत बसायला त्याला जन्म पुरायचा नाही. आज नको, आज त्याचं सगळं लक्ष १९ वर आहे. उद्या चिलरवाला अकराला येतो म्हणालाय, म्हणजे चारला येईल. तो गेला की सांगते.