अण्णांचा ताळा आणि ऑस्बोर्नवरचा टॅक्स

१९८४ चा फेब्रुवारी. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला एका बेडरूमच्या घरात राहायचो. ऑक्टोबरात लेक झाली होती, बाळंतपणासाठी आई-अण्णा सांगलीहून आले होते आणि अजून मुक्कामालाच होते. पाच माणसांत टेबल एकच, तेही स्वयंपाकघरात. त्यावर दिवसभर जेवणं आणि बाळाच्या बाटल्या, रात्री नऊनंतर माझा ऑस्बोर्न कॉम्प्युटर.

ज्यांनी ऑस्बोर्न १ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. झाकण लावलं की हँडल असलेली पेटी. आईला पहिल्या दिवशी ते शिलाई मशीनच वाटलं होतं. वजन अकरा किलो. झाकण म्हणजेच कीबोर्ड. तो काढला की आत मधोमध पाच इंचांचा पडदा आणि दोन्ही बाजूंना फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह. बॅटरी नाही, भिंतीतला प्लग लागायचाच. मेमरी ६४ के, आणि पडद्यावर एका वेळी ५२ अक्षरं. १९८१ मध्ये तो बाजारात आला तेव्हा किंमत १,७९५ डॉलर होती आणि त्यात लिहिण्यासाठी वर्डस्टार, हिशोबाचं पत्रक मांडायला सुपरकॅल्क, प्रोग्राम लिहायला बेसिक, सगळं सोबत मिळायचं. तो काढणारा अ‍ॅडम ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत वाढलेला, हे कळल्यावर अण्णांना त्या पेटीबद्दल जरा आपुलकी वाटू लागली. त्याची कंपनी आमच्या शेजारच्याच गावात, हेवर्डला होती. सप्टेंबर १९८३ मध्ये तिचं दिवाळं निघालं, आणि म्हणूनच डिसेंबरात एका सहकाऱ्याकडून मला तो जुना, पण स्वस्तात मिळाला.

टॅक्स स्वतः करायचं मी आधीच ठरवलं होतं. आदल्या वर्षी एका टॅक्स भरून देणाऱ्याकडे गेलो होतो. त्याने वीस मिनिटांत फॉर्म भरला, मी सही केली, आणि घरी येऊन वाचलं तर त्यातला एकही आकडा कुठून आला ते मला सांगता येईना. ते फार लागलं मनाला. आपल्याच पगाराचा हिशोब आपल्याला येऊ नये?

ऑस्बोर्नवाल्यांमध्ये तेव्हा फ्लॉपींची देवाणघेवाण चालायची. त्यातून मला फॉर्म १०४० चं, म्हणजे केंद्र सरकारच्या टॅक्सच्या मुख्य फॉर्मचं, सुपरकॅल्कमधलं टेम्प्लेट, तयार साचा, मिळालं. रकाना ए मध्ये फॉर्मच्या ओळींची नावं, बी मध्ये आकडे, आणि बेरजा-वजाबाक्यांच्या जागी सूत्रं आधीच भरलेली. आपण फक्त पगार, व्याज, वजावटी टाकायच्या. मात्र ते १९८२ सालासाठी बनवलेलं होतं. मला १९८३ चा टॅक्स भरायचा होता.

दर बदललेत हे तर उघडच होतं. रेगनच्या टॅक्सकपातीचा तिसरा टप्पा १९८३ मध्ये आला होता. आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या, पुस्तिकेतून मी नवे दर काढले. पती-पत्नी मिळून भरत असतील तर पहिल्या ३,४०० डॉलरवर शून्य, मग ११ टक्के, १३, १५ असं चढत जाणारं कोष्टक. सुपरकॅल्कचं लुकअप डावीकडच्या रकान्यात आकडा शोधतं आणि लगतच्या उजव्या रकान्यात असेल ते आणून देतं. मला तर पायरीची सुरुवात, तिथपर्यंतचा टॅक्स आणि पुढचा दर, तिन्ही हवे होते. त्यामुळे तेच कोष्टक शेजारीशेजारी पुन्हापुन्हा टाइप करावं लागलं. पडद्याच्या तळाशी शिल्लक मेमरीचा आकडा दिसायचा. तो घटताना पाहून जीव खालीवर व्हायचा.

इथे एक खाचखळगा होता. तेव्हा करपात्र उत्पन्न ५०,००० च्या आत असेल तर सरकार दरांचं गणित करू देत नसे. पुस्तिकेतल्या छापील टॅक्स टेबलातूनच आकडा घ्यायचा. ते टेबल ५०-५० डॉलरच्या टप्प्यांचं असतं, आणि टॅक्स धरलेला असतो प्रत्येक टप्प्याच्या मध्यावर. म्हणजे उत्पन्न २१,०४० असेल तर टॅक्स २१,०२५ वरचा. सरळ दर लावले तर यायचे २,८३७, टेबलात होते २,८३४. तीनच डॉलरचा फरक, पण फॉर्मवर चूक ती चूकच. शेकडो ओळींचं टेबल ऑस्बोर्नमध्ये मावणं शक्यच नव्हतं. दोन रात्री डोकं खाजवल्यावर सुचलं: उत्पन्नाला ५० ने भागायचं, अपूर्णांक टाकून द्यायचा, परत ५० ने गुणायचं आणि २५ मिळवायचे. मग त्या आकड्यावर दर लावायचे. एका सेलमध्ये, म्हणजे पत्रकाच्या एका चौकटीत, अख्खं टेबल आलं! त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

त्यानंतर आकडे भरले. माझा पगार २४,५००, बँकेचं व्याज ४२०, घराच्या कर्जाचं व्याज ५,४००, दवाखान्याचे विम्यातून न मिळालेले २,९००. बायको बाळंतपणाआधीपर्यंत लायब्ररीत अर्धवेळ कामाला होती, पण तिचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, काही सापडत नव्हता. दोन दिवसांनी तो बाळाच्या कपड्यांच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. तिचे ६,२०० टाकले, उद्गारचिन्हाची कळ दाबली. सुपरकॅल्कला "आता सगळं नव्याने मोज" असं सांगायची ती खूण. दर आकड्यामागे आपोआप मोजू दिलं तर फार वेळ जायचा, म्हणून मी ते हातावर ठेवलं होतं. टॅक्स आला ३,०४१. चहा घेऊन परत बसलो, सवयीने पुन्हा तीच कळ दाबली. ३,०८७!

काहीही बदललं नव्हतं आणि टॅक्स ४६ डॉलरने वाढला होता. माझे तर हातपाय गार पडले. यंत्रच बिघडलं म्हणावं, तर तिसऱ्यांदा दाबल्यावर पुन्हा ३,०८७च.

कागदावर सगळी सूत्रं उतरवून काढली तेव्हा उलगडा झाला. सुपरकॅल्क वरच्या ओळीपासून खाली मोजत जातं. टेम्प्लेटमध्ये वर पूर्ण १०४० फॉर्म होता आणि त्याच्या खाली वजावटींचं शेड्यूल ए. दवाखान्याच्या खर्चातली किती रक्कम वजा होणार हे एकूण उत्पन्नाच्या टक्केवारीवर ठरतं, म्हणजे शेड्यूल ए ला वरचा आकडा लागतो. आणि वरच्या टॅक्सला खालच्या शेड्यूल ए ची बेरीज लागते. पहिल्यांदा कळ दाबली तेव्हा उत्पन्न नवं झालं, पण टॅक्स काढताना खालची बेरीज अजून जुनीच होती. ती नवी झाली तोवर टॅक्सची ओळ मागे पडलेली. दुसऱ्या वेळी सगळं जुळलं. बायकोचा पगार टाकल्यावर एकदाच कळ दाबून मी थांबलो असतो, तर ३,०४१ चाच फॉर्म पोस्टात गेला असता.

दोनदा दाबायचं हा उपाय झाला, पण मला तो पटेना. मी पत्रकाची मांडणीच बदलली. १०४० चं पहिलं पान तेव्हा एकूण उत्पन्नावर संपायचं. तिथेच पत्रक तोडलं, मध्ये शेड्यूल ए आणलं, आणि त्याच्या खाली फॉर्मचं दुसरं पान. दोघांच्या कमाईवरच्या वजावटीचं शेड्यूल डब्ल्यू आणि व्याजाचं शेड्यूल बी सगळ्यांच्या वर. आता पैसा जसा वाहतो तशाच ओळी होत्या, आणि एकदा दाबलं की उत्तर एकच. एकेक ओळ हलवत हे करायला पूर्ण रविवार गेला.

सोमवारी ऑफिसमधल्या एप्सन प्रिंटरवर कागद काढून आणला. अण्णा सांगलीच्या एका बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा चढवला आणि म्हणाले,

"ताळा केलास का?"

"अण्णा, बेरीज कॉम्प्युटरने केलीय."

"बेरजेचं विचारत नाही मी. हे आकडे मुळात आले कुठून? तू पुस्तिका वाच, मी कागद बघतो."

जेवणं झाल्यावर बसलो. आई बाळाला मांडीवर थोपटत होती, अण्णांच्या हातात पेन्सिल. मी सूचना वाचायची, त्यांनी ओळ शोधून बरोबरची खूण करायची. पंधरा-वीस ओळी खुणा होत गेल्या. मग शेड्यूल ए आलं. मी वाचलं, "दवाखान्याचा खर्च, एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवरचा."

पेन्सिल थांबली. "अरे, इथे तर तीन आहे."

मी सेल उघडून पाहिला. सूत्रात ०.०३ होतं. १९८२ पर्यंत मर्यादा तीन टक्क्यांची होती, १९८३ पासून ती पाचवर गेली. मी दर बदलले होते, बाकी कायदाही बदलला असेल हे मनातच आलं नव्हतं. मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी एक निघालं. नवराबायको दोघं कमावत असतील तर कमी पगारवाल्याच्या पगारावर तेव्हा एक वजावट मिळायची, शेड्यूल डब्ल्यू. १९८२ मध्ये ती पाच टक्के होती, १९८३ मध्ये दहा. टेम्प्लेटने बायकोच्या ६,२०० वर ३१० धरले होते, हक्काचे होते ६२०.

मला या गोष्टीचा खरा धसका इथे बसला. एक चूक आमच्या फायद्याची होती, दुसरी तोट्याची, आणि दोन्ही मिळून टॅक्समध्ये फक्त ६९ डॉलर कमी दिसत होते. उत्तर अगदी शहाण्यासारखं होतं. फार मोठा किंवा फार लहान आकडा आला असता तर मी थबकलो असतो. ३,०८७ कडे पाहून कुणालाच शंका आली नसती.

दोन्ही सेल दुरुस्त केले. ते ६२० वजा जाऊन एकूण उत्पन्न ३०,५००. दवाखान्याचे पाच टक्के म्हणजे १,५२५ गेले, उरले १,३७५. बाकीच्या वजावटी धरून शेड्यूल ए ची बेरीज ८,४९०. त्यातून ३,४०० वजा, कारण तेवढी सूट दरांच्या कोष्टकात तेव्हा आधीच धरलेली असायची. तीन माणसांच्या सुटीचे प्रत्येकी १,०००. बाळ ऑक्टोबरात झालेलं असलं तरी पूर्ण वर्षाचे मिळायचे. करपात्र उत्पन्न २२,४१०. कळ दाबली. ३,१५६.

अण्णांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, छापील टेबलाचं पान काढलं आणि २२,४०० ची ओळ बोटाने धरून विवाहितांच्या रकान्यापर्यंत सरकत गेले. ३,१५६. त्यांनी खूण केली आणि पेन्सिल खाली ठेवली. दोन रात्रींच्या त्या सूत्राचं सार्थक झालं!

पगारातून ३,७४२ कापलेले होते, म्हणजे ५८६ परत येणार होते. कागदावरून सगळे आकडे पेनने फॉर्मवर उतरवले, कारण सही करून पाठवायचा होता तो सरकारचाच फॉर्म. राज्याचा ५४० चा फॉर्म तेच आकडे घेऊन एका संध्याकाळी झाला. त्या वर्षी १५ एप्रिल रविवारी आल्यामुळे मुदत सोमवारपर्यंत होती, पण आमचं पाकीट मार्चमध्येच गेलं.

पुढच्या जानेवारीत फ्लॉपी काढली तेव्हा पहिलं काम केलं ते एक नवा रकाना, सी. प्रत्येक सूत्रासमोर पुस्तिकेतलं पान आणि साल. पुस्तिका सुरुवातीपासून वाचली तर औषधांवरची एक टक्क्याची वेगळी मर्यादा १९८४ पासून रद्द झालेली. ती ओळ काढून टाकली, खालची सूत्रं पुन्हा तपासली आणि कागद हवाई टपालाने सांगलीला पाठवला. अण्णांना आमचे पगार कळावेत म्हणून नाही, त्यांची पेन्सिल फिरावी म्हणून.

मार्चच्या मध्याला तो परत आला. ओळीओळीला बरोबरच्या खुणा होत्या. फक्त माणशी १,००० च्या ओळीसमोर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे कुठल्या पानावर?" त्या एकाच ओळीसमोर मी पान लिहायला विसरलो होतो.