आमच्या स्पॅनिशच्या बाई

स्मरणिकेसाठी लिही असा मेसेज आला तेव्हा शाळेवर लिहायचं ठरवलं होतं, पण बाईंशिवाय दुसरं काही सुचतच नाहीये, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

बाई मुळात भूगोलाच्या. शाळा सुटली की फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटला स्पॅनिश शिकायला जायच्या, पुढे देले ही स्पॅनिशची परीक्षाही दिली, आणि आम्ही आठवीत आलो तेव्हा शाळेत स्पॅनिश सुरू झालं ते त्यांच्याच हट्टाने. क्रियापदं पाठ करावी लागायचीच, त्यातून सुटका नव्हती, पण स्पेनची माणसं जेवतात कधी, सण कसे करतात हे आधी.

आकडे शिकवले ते द्राक्षांवर. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर एकेक द्राक्ष खातात, माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाकडे सगळ्या देशाचं लक्ष असतं. १९०९ला अलिकान्तेकडे पीक उदंड आलं म्हणून ही प्रथा पडली असं सांगतात, पण माद्रिदमध्ये ती त्याआधीपासूनच होती, हे बाई मुद्दाम सांगायच्या. तर जानेवारीत बाईंनी द्राक्षं आणली आणि शिपाई मामांना पितळी घंटेपाशी उभं केलं. खऱ्या ठोक्यांआधी तिथे चार जोडठोके पडतात, ते आम्हाला सांगितलंच नाही! अर्धा वर्ग तिथेच खाऊन मोकळा, मग तीन-तीन सेकंदांनी बारा ठोके, आम्ही उनो, दोस ओरडतोय, आणि शाळा सुटली समजून पाचवीची पोरं दप्तरं घेऊन ग्राउंडवर. मुख्याध्यापक धावत आले, बाईंनी त्यांच्याही हातावर द्राक्षं ठेवली.

पुढे नोकरीमुळे माद्रिदला होतो तेव्हा एका सहकाऱ्याच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो, जोडठोके पडले आणि मी थांबलो, त्याची आई म्हणाली याला कोणी शिकवलं? आज स्पॅनिश बोलणाऱ्या क्लायंट्सची आख्खी टीम सांभाळतो ती बाईंमुळेच.

आता शाळेत स्पॅनिश ॲपवर शिकवतात म्हणे, घंटाही इलेक्ट्रिक झालीये. असो. मुलांना मार्क चांगले पडतात, पण मला काही ते पटत नाही.

बाई हल्ली सांगलीला लेकीकडे असतात. कार्यक्रमाला त्यांना आणायला गाडी मी पाठवतोय. समितीने फक्त शाल-श्रीफळ देऊन त्यांना खाली बसवू नये, माईक द्यावा, आणि सूत्रसंचालकाने वेळेच्या चिठ्ठ्या पाठवू नयेत, बाई त्या वाचणार नाहीत.