टॉम डूलीच्या मुलखात जायचं तर: नॉर्थ कॅरोलायनातली खुनाची गाणी आणि तिथले रस्ते

आधी एकच सांगतो: गाण्यावर भरवसा ठेवून रस्ता आखू नका. नॉर्थ कॅरोलायनात खऱ्या खुनांवर रचलेली कथागीतं, तिकडच्या भाषेत 'मर्डर बॅलड', ढिगानं आहेत. ती ज्या जागी घडली त्या जागा बघायला जाणारे बहुतेक जण किंग्स्टन ट्रिओ या गायकत्रयीनं 1958 मध्ये गाजवलेलं 'टॉम डूली' डोक्यात घेऊन निघतात. त्या गाण्यात टॉम एका मुलीला डोंगरावर भेटतो आणि त्याला निर्जन दरीतल्या ओकाच्या झाडाला फाशी होते. प्रत्यक्षात टॉम ड्यूलाला (गाण्यातला 'डूली' तो हाच) लॉरा फॉस्टर या मुलीच्या खुनाबद्दल 1 मे 1868 रोजी स्टेट्सव्हिल या चांगल्या नांदत्या गावात, रेल्वे स्टेशनजवळ, त्याच कामासाठी उभारलेल्या खांबांवर लटकवलं. दरी नाही, ओक नाही. आज तिथे तासभर पुरतो. झेब्युलन व्हान्स या माजी गव्हर्नरनं त्याचं वकीलपत्र घेतलं होतं. त्या व्हान्सचं घर बघा आणि पुढे निघा.

गाण्याआधीच्या निवेदनात ग्रेसन नावाचा माणूस प्रेमाच्या त्रिकोणातला तिसरा कोन म्हणून येतो. हे साफ खोटं आहे. कर्नल जेम्स ग्रेसन हा टेनेसीतल्या ट्रेड गावचा जमीनदार. पळून आलेल्या टॉमनं 'हॉल' असं नाव सांगून बुटांपुरते पैसे मिळेपर्यंत त्याच्याकडे मजुरी केली. त्याला पकडून देण्यात ग्रेसनचा हात होता, म्हणून तो गाण्यात आला. त्रिकोण होता, पण त्यातली तिसरी व्यक्ती अ‍ॅन मेल्टन ही विवाहित बाई, आणि तिचा गाण्यात उल्लेखही नाही. ज्या लॉरा फॉस्टरचा खून झाला तिचंही नाव त्या गाजलेल्या आवृत्तीत नाही. या प्रवासात मला सर्वांत खुपलेली गोष्ट हीच. मारणाऱ्याचं नाव जगभर गेलं, मेलेली मुलगी नुसती 'ती' राहिली.

आता रस्ता. स्टेट्सव्हिलहून विल्क्सबरो सुमारे 35 मैल. तिथे जुन्या कोर्टाच्या इमारतीत विल्क्स हेरिटेज म्युझियम आहे आणि मागे जुना तुरुंग. टॉम आणि अ‍ॅन दोघांनाही आधी इथेच ठेवलं होतं. संपूर्ण प्रवासात एकच जागा बघणार असाल तर ही बघा. कोठड्या पाहिल्यावर खटल्याची कागदपत्रं वाचायची बुद्धी होते, आणि ती वाचल्याशिवाय पुढच्या जागांना अर्थ नाही. लॉरा मे 1866 मध्ये पहाटे बापाची घोडी घेऊन घरातून निघाली. घोडी तुटलेल्या दाव्यासह परत आली, लॉरा आली नाही. उन्हाळा सरताना तिचं प्रेत उथळ खड्ड्यात, पाय दुमडलेल्या अवस्थेत सापडलं. छातीत सुऱ्याचा वार होता.

विल्क्सबरोहून हायवे 268 नं पश्चिमेला फर्ग्युसनकडे जायचं. दोन पदरी रस्ता, कडेला गाडी थांबवायला जागा जवळपास नाही, मागून लाकडाचे ट्रक. टाकी विल्क्सबरोलाच भरा. मोबाइलला अधूनमधून रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. फर्ग्युसनला व्हिपरविल अकॅडमी नावाच्या जुन्या शाळेच्या आवारात टॉमवरचं छोटं संग्रहालय आहे, पण ते रोज उघडं नसतं. फोन न करता गेलात तर फेरी फुकट जाईल.

आणि कबरी. दोन्ही कबरी खासगी जमिनीवर आहेत. इंटरनेटवरच्या फोटोंवरून ही पर्यटनस्थळं वाटतात, म्हणूनच लोक फसतात. लॉराची कबर कॅल्डवेल काउंटीच्या हद्दीत 268 लगतच्या कुरणात, कुंपण घातलेली. रस्त्यावरून दिसते, तेवढ्यावर समाधान माना. टॉमची कबर रानात आहे, सार्वजनिक पायवाट नाही. झाडांच्या खोडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथेच थांबा. ती लाकूडतोड्यांची खूण नव्हे. या राज्यात 2011 पासून जमीनमालक पाटी न लावता असे पट्टे मारून हद्द बंद करू शकतो: पट्टा किमान 8 इंच लांब, जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर. हंगामात आत बंदुकीसह शिकारी असतात. परवानगी हवी तर संग्रहालयात नम्रपणे विचारा. नाही म्हणाले तर नाही.

परवानगी मिळालीच तर मे ते सप्टेंबर टाळा. गवतात गोचिडी भरपूर आणि पॉयझन आयव्ही सर्वत्र (तीन-तीन पानांचा गुच्छ, अंगाला लागला की आठवडा खाजवण्यात जातो). कॉपरहेड साप पालापाचोळ्यात दिसत नाही. पूर्ण पँट मोज्यांत खोचा, कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा. नोव्हेंबरात पानं झडलेली असतात, पण शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भगवं जॅकेट घाला. फेब्रुवारी अखेर ते मार्च मध्य हाच खरा काळ.

एप्रिलअखेर मुळीच जाऊ नका. 1988 पासून विल्क्सबरोच्या कम्युनिटी कॉलेजात गिटारवादक डॉक वॉटसनच्या मुलाच्या स्मरणार्थ मर्लफेस्ट हा संगीत महोत्सव भरतो. संगीत ऐकायचं असेल तर अवश्य जा, अप्रतिम असतं. पण कबरी आणि रस्ते त्याच दौऱ्यात उरकू म्हणाल तर खोल्यांचे दर कळस गाठतात. एका मोटेलनं ठरलेल्या दरावर सफाईचे आणि 'महोत्सवाचे' वेगळे पैसे लावले, तेही चावी देताना. कर धरून एकूण रक्कम लेखी मागा. देत नसतील तर स्टेट्सव्हिलला मुक्काम करा.

आता सगळ्यात वाईट टप्पा, आणि याच्यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय. नवऱ्याच्या खुनाबद्दल फाशी गेलेल्या फ्रँकी सिल्व्हरच्या कोना या गावाला जाताना नॅव्हिगेशन मॉर्गनटनहून मॅरियन आणि तिथून हायवे 80 असा मार्ग सुचवतं, कारण अंतर कमी. ऐकू नका. टाहोमा तलावानंतर हा रस्ता ब्लू रिज पार्कवेवरच्या बक क्रीक गॅपपर्यंत, सुमारे 3,370 फुटांवर, वळणं घेत चढतो. मोटारसायकलवाले याला 'डेव्हिल्स व्हिप' म्हणतात आणि सुटीच्या दिवशी ते वळणात तुमच्या पदरात आलेले असतात. वळणं इतकी जवळजवळ की मागच्या सीटवरच्याला उलटी होणारच. उतरताना ब्रेक सतत दाबून धरले की जळका वास येतो, म्हणून गिअर खाली घ्या. पावसात पानं चिकटून रस्ता गुळगुळीत होतो, धुक्यात पुढचं वळण दिसत नाही, मागे फिरायला जागा नाही. सप्टेंबर 2024 च्या हेलेन वादळानं हा सगळा भाग धुऊन काढला, तेव्हा त्या दिवशीची स्थिती ड्राइव्ह एनसी या राज्याच्या रस्ते-माहिती संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय निघूच नका. त्याऐवजी मॅरियनहून 221 आणि पुढे 226 नं स्प्रूस पाइन, तिथून 19 ई नं मायकाव्हिल आणि मग 80 चा उत्तरेकडचा तुकडा धरून कोना. मैल जास्त, त्रास निम्मा.

कोना मात्र चुकवू नका. जुन्या चर्चशेजारी सिल्व्हर घराण्याचं कब्रस्तान आहे आणि त्यात चार्ली सिल्व्हरच्या एकट्याच्या तीन कबरी. 22 डिसेंबर 1831 च्या रात्री त्याच्या बायकोनं, फ्रँकीनं, त्याला कुऱ्हाडीनं मारलं. प्रेताचे तुकडे करून चुलाण्यात जाळले गेले. जसजसे अवशेष सापडले तसतसे ते वेगवेगळे पुरले. 12 जुलै 1833 रोजी मॉर्गनटनमध्ये तिला फाशी झाली. तिच्या नावावरचं गाणं म्हणजे तिनं फाशीखाली म्हटलेला कबुलीजबाब, असं सांगणारे भेटतील. ती दंतकथा आहे. त्या काळच्या कायद्यानं आरोपीला स्वतःच्या बचावात साक्षच देता येत नव्हती. ती नवऱ्याचा मार खात होती का, त्या रात्री आधी हात कुणी उचलला, हे ज्यूरीनं तिच्या तोंडून कधी ऐकलंच नाही. मग गाण्यानं तिला आवाज दिला, पण तो पश्चात्ताप करणारा, नरकाला घाबरणारा. क्लॅरन्स अ‍ॅशलीच्या आवाजात ते ऐका आणि मग त्या तीन कबरींपाशी उभं राहा. ही गाणी का मरत नाहीत ते तिथे कळतं: कोर्टानं अर्धवट सोडलेला प्रश्न ती पुन्हा उकरतात आणि उत्तर मात्र देत नाहीत, त्यामुळे पुढचा गाणारा त्याच जागी परत येतो.

ग्रीन्सबरोजवळच्या रँडलमनला नेओमी वाइज. अनाथ मुलगी, जोनाथन लुइसनं 1807-08 च्या सुमारास डीप नदीत बुडवली. कॅरी-मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना एका दिवसात जाऊन येण्यासारखं हे एकच ठिकाण. कबर प्रॉव्हिडन्स फ्रेंड्स मीटिंगच्या कब्रस्तानात आहे, रस्ता सोपा. रविवारी सकाळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका. लुइस तुरुंगातून पळाला, काही वर्षांनी सापडला, पण शिक्षा झाली ती पळून जाण्याबद्दल. खुनाबद्दल नाही. नदीकाठी उतरायचं तर पाऊस थांबून दोन दिवस जाऊ द्या. वर धरण आहे, पाणी अचानक वाढतं, काठचा चिखल घसरडा.

जर्मनटनचं लॉसन प्रकरण (चार्ली लॉसननं 1929 च्या नाताळात बायको आणि सातपैकी सहा मुलं मारून स्वतःला संपवलं) मी कुणाला सुचवणार नाही. त्या घरात तेव्हा 25 सेंट घेऊन लोकांना फिरवत होते. टेबलावरच्या केकमधले मनुके लोक आठवण म्हणून उचलू लागले, तेव्हा त्यावर काच ठेवावी लागली. ब्राउडर कब्रस्तानातल्या एकाच मोठ्या कबरीपाशी जायचंच असेल तर लहान मुलांना नेऊ नका.

गाडीत काय ऐकायचं, तर किंग्स्टन ट्रिओ नको. जी. बी. ग्रेसन हा जवळजवळ आंधळा फिडलवादक, त्या कर्नलच्याच घराण्यातला. 1927 चं 'ओमी वाइज' (नेओमीवरचं गाणं) आणि 1929 चं 'टॉम डूली' ही त्याची ध्वनिमुद्रणं घ्या. मग बँजोवादक फ्रँक प्रॉफिट. त्याची आजी टॉम आणि लॉरा दोघांनाही ओळखत असे. त्यानं 1938 मध्ये लोकगीतं जमवणाऱ्या फ्रँक वॉर्नरला शिकवलेलं गाणंच पुढे ट्रिओपर्यंत पोचलं. दोनच कॉर्डवर चालतं, बँजो नुकताच हाती घेतलेल्यालाही आठवड्यात बसतं. ध्वनिमुद्रणं घरूनच उतरवून घ्या, 268 वर स्ट्रीमिंग चालत नाही.

क्रम असा ठेवा: रँडलमन, स्टेट्सव्हिल, विल्क्सबरोला मुक्काम, सकाळी 268 नं लेनोर, मॉर्गनटनला दुसरा मुक्काम, मग 221 आणि 226 चा वर सांगितलेला रस्ता धरून कोना. उलट क्रमानं केलंत तर कोनाहून दमून आल्यावर विल्क्सबरोचा तुरुंग बंद झालेला असेल.